सावंत काकांच्या वहीतला ब्रेक

मंडळी, नमस्कार. मागे दाराशी उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. खरं सांगू का, तुमच्या सोयीसाठी नाही म्हणत मी. बोलायला सुरुवात करायचं धाडस होत नाहीये, म्हणून वेळ काढतोय. याच हॉलमध्ये मी गणपतीचं सूत्रसंचालन केलंय, दिवाळीचं केलंय. एरवी माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो. आज सावंत काकांच्या शोकसभेत तोच माईक नको झालाय.

परवा मृणालताईंचा फोन आला. काकांची मुलगी, तुम्ही सगळे ओळखता. म्हणाल्या, "नितीन, तू बोल ना प्लीज. बाबांचा ते वही तूच इंग्लिश केलास ना." एरवी मी काय केलं असतं ठाऊक आहे तुम्हाला. 'बाबांचा वही नाही, बाबांची वही' असं तिथल्या तिथे सुनावलं असतं. ताई इथे इंग्लंडमध्ये जन्मल्या, इथेच वाढल्या, तरी मी सोडत नाही. परवा मात्र चूक काढली नाही. हो म्हणालो आणि फोन ठेवला.

अश्विनीने विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं. गेले आठ महिने जे माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तिथे उभं राहून सांगणार असशील तर मी येते. नाहीतर तू एकटाच जा." ती आली आहे. तिसऱ्या रांगेत बसली आहे. म्हणजे आता माझी सुटका नाही.

मंडळी, सावंत काका आपल्यात कुणाला नवीन नाहीत. कुणाचा बॉयलर बंद पडला, फोन काकांना. कुणाच्या शिलाई मशीनचा दोरा तुटतोय, फोन काकांना. प्लंबरला नंतर. आले की आधी पाच मिनिटं नुसतं बघत उभे राहायचे, हात मागे बांधून. आपल्याला वाटायचं, काकांना काही सुचत नाहीये. मग म्हणायचे, "हां, कळलं," आणि दोन मिनिटांत काम झालेलं असायचं.

पण काकांचा जीव कशात होता? तोफेत. हसा, हसा. काकाही हसायचे. म्हणायचे, "माणसं देवळात जातात, मी तोफेपाशी जातो, काय करणार."

तरुणपणी काका पुण्याजवळ लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथे इंग्रजांनी मागच्या महायुद्धात बनवलेल्या तोफा दुरुस्तीला यायच्या. पंचवीस पौंडी म्हणतात तिला. मग काका कॉव्हेंट्रीला आले, कारखान्यात आयुष्य गेलं, रिटायर झाले, काकू गेल्या. आणि एक दिवस शहराबाहेरच्या एका शेडमध्ये त्यांना तीच तोफ दिसली. तिथे काही हौशी मंडळी जुनी लष्करी वाहनं दुरुस्त करून लोकांना दाखवायला ठेवतात. तोफ पार गंजलेली, एक चाक नाही. काका मला म्हणाले, "नितीन, अरे आपल्या गावचं माणूस भेटावं तसं झालं मला." त्या दिवसापासून दर बुधवारी काका तिथे. दोन बस बदलून. पिशवीत डबा आणि स्वतःचे पाने-पक्कड.

त्या शेडचा सगळा कारभार कॉलिन बघतो. त्याचंही आयुष्य कारखान्यात अवजारं बनवण्यात गेलेलं. काका त्याला कॉलिनराव म्हणायचे. तो यांना मिस्टर सावंत म्हणायचा, शेवटपर्यंत. त्या तोफेखाली एक मोठं गोल लोखंडी चक्र असतं. तोफ त्याच्यावर चढवली की एक माणूस तिला गर्रकन कुठल्याही दिशेला फिरवू शकतो. काकांच्या वर्कशॉपमध्ये त्याला परात म्हणायचे. आता त्या शेडमधली गोरी मंडळीही परातच म्हणतात. "व्हेअर्स द परात बोल्ट?" मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मला तोफेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पंचवीस पौंडी म्हणजे तोफेचं वजन, असं वाटायचं मला! काकांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "अरे शहाण्या, गोळा पंचवीस पौंडांचा. तोफ तर तुझ्या गाडीपेक्षा जड आहे." मग समजावून सांगायला बसले. काकांची सांगायची तऱ्हा काय सांगू तुम्हाला. म्हणायचे, "तोफ काही एका दिवसात तयार होत नाही. आधी या लोकांकडे अठरा पौंडी होती, जुनी. युद्ध तोंडावर आलं, हातात वेळ नाही. मग काय केलं? जुन्या तोफेच्या अंगात नवी नळी बसवली. गाडा जुना, अंगरखा जुना, आतलं काळीज नवं. मग नवी नळी आली, मग नवा गाडा, मग खाली परात. प्रत्येक वेळी कुणीतरी फिटर म्हणाला असणार, साहेब, हे असं चालायचं नाही. तेव्हा ती सुधारली."

हे सगळं काकांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं. मराठीत, पेन्सिलने, चित्रं काढून. चाळीसेक पानं. वाक्यं कसली, तार केल्यासारखी. 'नळी नवी. गाडा जुना. चाकं बदलली.' फिटरचं लिखाण. शेडचा ओपन डे जवळ आला, तेव्हा कॉलिन म्हणाला, मिस्टर सावंत, तुमच्या वहीवरून या तोफेची गोष्ट छापू या, छोटं पुस्तक करू. काकांच्या नावाने. मंडळी, काकांच्या नावाने!

काका वही घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "नितीन, तू इंग्रजीत कर. माझं इंग्रजी कारखान्यातलं. तुझं कसं, साहेबासारखं आहे."

मला ते आवडलं. का नाही आवडणार? तुम्ही सगळे कौन्सिलची पत्रं माझ्याकडे आणता, मुलांचे अर्ज आणता, 'नितीन, जरा नजर टाक' म्हणता. ग्रुपवर कुणी चुकीचं स्पेलिंग टाकलं की मी ताऱ्याची खूण मारून खाली दुरुस्त करतो. तुम्ही मला डिक्शनरी म्हणता. चिडवता, हे कळतं मला. पण आतून सुखावतो, हेही खरं आहे.

दोन रविवारी मी ती वही उरकली. उरकली, हाच शब्द बरोबर आहे. आणि काका म्हणाले होते, "झालं की एकदा मला वाचून दाखव." फोनवर दोनदा म्हणाले. मी काय म्हणालो? "अहो काका, पाठवूनही दिलं कॉलिनला. काळजी करू नका, मी आहे ना." मी आहे ना!

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. वहीत एका पानावर काकांनी लिहिलं होतं: 'रणगाडे समोर आले. जोराचा चार्ज. म्हणून मझल ब्रेक. पुढे जड. मागे वजन.'

मझल म्हणजे तोफेचं तोंड, एवढं मला ठाऊक होतं. आणि ब्रेक? इंग्रजीत दोन ब्रेक आहेत. एक गाडीचा, थांबवायचा. एक मोडण्याचा. उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं. मराठीत मात्र ब ला र जोडा, वर मात्रा द्या, पुढे क लिहा, दोन्ही ब्रेक सारखेच दिसतात. मी काय केलं? जोराचा दारूगोळा वापरला, म्हणून तोफेचं तोंड मोडलं, असं लिहून टाकलं. मोडायचा ब्रेक. बी-आर-ई-ए-के.

मग पुढचं जुळेना. तोंड मोडलं तर पुढची बाजू जड कशी होईल? हलकी व्हायला पाहिजे. इथे साध्या माणसाने फोन उचलला असता. काका घरी होते, दहा मिनिटांच्या अंतरावर, चहा पाजला असता वर. पण मी डिक्शनरी. मी मनाने एक वाक्य घातलं: 'मोडलेल्या तोंडाला जाड लोखंडी कडं बसवून दुरुस्ती केली, त्यामुळे तोफ पुढून जड झाली.' छान जुळलं. मला आठवतंय, ते वाक्य लिहून मी स्वतःवर खूश होऊन उठलो आणि चहा केला.

असलं काही कधीच झालं नव्हतं, मंडळी. मझल ब्रेक हा तोफेचा एक भाग आहे. नळीच्या तोंडाशी बसवतात. गोळा सुटला की मागून येणारा वायू तो बाजूला फेकतो, म्हणून तोफ जागेवरून उसळत नाही. रणगाडा भेदायला जोराचा चार्ज, म्हणजे जास्त दारूचा, लागायचा, त्याने तोफ उड्या मारायची, म्हणून हा ब्रेक शोधून काढला. तो बसवला की पुढे वजन वाढलं, म्हणून तोल साधायला मागे वजन लावलं. काकांनी पाच तुकड्यांत सगळं लिहिलं होतं. एक अक्षर चुकलं नव्हतं. हे आज मी तुम्हाला एवढं सांगू शकतो, कारण नंतर मी शिकलो. शिकून काय उपयोग?

ते पुस्तक छापायच्या आधी कॉलिनने तोफांच्या एका जाणकाराला वाचायला दिलं. तो हसला म्हणे. या गृहस्थांनी ही तोफ खरंच कधी हाताळली आहे का, असं विचारलं. तोफेचा सगळ्यात साधा भाग, आणि हे म्हणतायत की तोंड मोडलं!

कॉलिनने मला फोन केला. मी ऑफिसात होतो. फार सौम्यपणे बोलला. म्हणाला, "नितीन, इट सेज ब्रेक. बी-आर-ई-ए-के. इज दॅट व्हॉट ही ॲक्चुअली रोट?"

त्या क्षणी मला कळलं. लख्ख कळलं. दोन्ही ब्रेक डोळ्यांसमोर उभे राहिले. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, सॉरी कॉलिन, माझी चूक. चार शब्द. त्याने काय झालं असतं? तो हसला असता, काका हसले असते, तुम्ही मला वर्षभर चिडवलं असतं.

मी म्हणालो, "येस. दॅट्स व्हॉट्स इन द नोटबुक." आणि एवढ्यावर थांबलो नाही. पुढे म्हणालो, "ही इज एटी-सेव्हन, कॉलिन."

ऐकलंत? मी म्हणालो हे. ज्या माणसाने माझ्या घरातला एकूण एक नळ दुरुस्त केला, त्याच्याबद्दल. वहीत ब्रेकच लिहिलंय की, मी खोटं कुठे बोललो, अशी समजूत घातली मी स्वतःची. लाज वाटते. 

पुढच्या बुधवारी काका शेडमध्ये गेले, तर तोफेवर दुसरी माणसं. यांना दाराशी टेबलावर बसवलं, येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायला. कुणी टाकून बोललं नाही. उलट खुर्ची दिली, उशी दिली. "यू टेक इट ईझी, मिस्टर सावंत." पुस्तकाचा विषय कुणी काढला नाही, कारणही कुणी सांगितलं नाही. तोफेचे भाग जड असतात, माणसाला विसर पडायला लागला तर बोटं जातील, त्यांनी काळजीपोटी केलं. त्यांचा काही दोष नाही. त्यांना मी सांगितलं तेवढंच ठाऊक होतं.

काका सरळ माझ्याकडे आले. पाने असलेली ती पिशवी मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले. म्हणाले, "नितीन, मी वहीत काही चुकीचं लिहिलं का रे?"

मी म्हणालो, "छे हो काका. हेल्थ अँड सेफ्टी. हल्ली सगळीकडे तेच."

त्यांचा माझ्यावर विश्वास होता. म्हणून त्यांनी माझ्यावर शंका घेतली नाही, स्वतःवर घेतली. मृणालताई, तुम्हाला हे ठाऊक नसेल. काका आपणहून जीपी डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, माझी मेमरी तपासा. परत आले ते मला सांगायला आले. "पास झालो रे. पंतप्रधान कोण विचारलं, सांगितलं. शंभरातून सात सात वजा करायला लावले, केले. घड्याळ काढायला लावलं, काढलं. पण त्या बाईंनी तोफेतलं काही विचारलंच नाही."

मग म्हणाले, "तू विचार."

वही माझ्या हातात दिली. मी एकेक पान उघडून विचारत गेलो, ते उत्तरं देत गेले. डोळे मिटून. कुठला बोल्ट कुठे, कुठली चावी कशाला, परात कशी उचलायची. एकही चुकलं नाही. आणि मग ते पान आलं. रणगाडे, जोराचा चार्ज, मझल ब्रेक. माझं बोट त्या ओळीवर होतं.

मी दोन पानं एकदम उलटली.

काकांनी डोळे उघडले नाहीत. शेवटपर्यंत सगळी उत्तरं दिली आणि म्हणाले, "सगळं बरोबर ना? मग कुठे चुकलं असेल?" मी म्हणालो, "कुठेच नाही हो, काका." त्यांनी वही पिशवीत ठेवली. मग बसची वेळ झाली म्हणून उठले. मी गाडीने सोडतो म्हणालो, तर नको म्हणाले.

त्यानंतर काका शेडमध्ये गेले नाहीत. तुमच्यापैकी काही जणांनी मला सांगितलं होतं, काका हल्ली बॉयलर बघायला येत नाहीत, म्हणतात, कुणा जाणत्या माणसाला बोलवा. आपण म्हणालो, वय झालं. मीही मान डोलावली. वय झालं नव्हतं, मंडळी. त्यांनी स्वतःच्या हातांवरचा विश्वास काढून घेतला होता, आणि तो माझ्यामुळे. आठ महिने होते माझ्याकडे. रोज वाटायचं, या रविवारी सांगू. तीन आठवड्यांपूर्वी न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात नेलं, मी भेटायला गेलो. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता. मला वाटलं, आता कशाला त्रास द्यायचा. मी असा माणूस आहे. मला दर वेळी काहीतरी कारण सापडतं.

ताई, तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात. नका बघू. माफी मागायला मी उभा नाही. माफी मागायची ती त्यांच्याकडे, आणि ते फोटोत आहेत. मला एवढंच सांगायचं होतं की तुमच्या बाबांचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं. तुम्हाला कधीतरी वाटलं असेल की बाबांना विसर पडायला लागला, तर ते मनातून काढून टाका. ते वाटणं मी पेरलं होतं.

संपलं, असं मला वाटत होतं. काल रात्री लिहून काढलं तेव्हा इथेच संपत होतं. शेवटी दोन मिनिटं मौन, असं लिहिलंय कागदावर. पण इथे उभं राहिल्यावर दिसलं की अगदी शेवटच्या रांगेत कॉलिन बसलाय. त्याच्या शेजारी शेडची आणखी चार माणसं आहेत. काळे टाय लावून आलेत. पाऊण तास मराठी ऐकतायत. मी 'मझल ब्रेक' म्हटलं की मान हलवतायत, त्यांना वाटतंय मी काकांचं कौतुक करतोय.

म्हणजे बघा, इथेही मी चलाखीच केली. ज्यांच्यासमोर काकांचं नाव गेलं, त्यांना न कळणाऱ्या भाषेत मी कबुली दिली. तुम्ही आपली माणसं. तुम्ही चार दिवस रागावाल, मग म्हणाल, नितीनने निदान सांगितलं तरी. तुमच्यासमोर हे सोपं होतं. त्या पाच जणांच्या लेखी मिस्टर सावंत अजूनही तोफेचं तोंड मोडलं म्हणणारे म्हातारबुवाच आहेत.

मौन मागायचा अधिकार मला नाही. मी आठ महिने पाळलंय ते. काकांसाठी मौन मृणालताईंनी सांगावं, आणि ते यानंतर. तोवर कृपा करून कुणी उठू नका. काका, तुम्हाला नमस्कार करायला हात जोडतोय, पण आधी हे पुरं करतो.

कॉलिन, सॉरी टु कीप यू वेटिंग. मिस्टर सावंत रोट इट राइट. आय डिडन्ट.